अर्धी गोळी मोजायची नसते

३ मार्च, मंगळवार. दुपारी साडेतीन

नवी वही. एका औषध कंपनीने फुकट दिली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात यकृताचं रंगीत चित्र. मला त्रास डोक्याचा, पण फुकटच्या वहीत अवयव निवडून मिळत नाही.

निमित्त: बायकोने काल मेंदूच्या डॉक्टरांकडे धरून नेलं. वीस वर्षांची अर्धशिशी, दुकान स्वतःचं मेडिकलचं, आणि मला मायग्रेन म्हणजे काय ते समजावून सांगितलं. चित्र काढून. मी मान डोलावली. मोठ्या डिग्रीवाल्यांना बोलू द्यावं, त्यांना बरं वाटतं.

डॉक्टरांचं म्हणणं, महिन्यात दहा दिवसांच्या वर पेनकिलर घेतली तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. माझी केस वेगळी आहे. त्यांनी एक छापील तक्ता दिला: तारीख, वेळ, दहापैकी किती दुखलं, काय घेतलं. एप्रिलच्या शेवटी भरून आणायचा. तक्ता त्यांच्यासाठी. ही वही माझ्यासाठी.

संकल्प: आठवड्याला दोन गोळ्या. तिसरी नाही म्हणजे नाही.

नियम आधीच ठरवलेले बरे. अर्धी गोळी मोजायची नाही. उलटीत पडली ती मोजायची नाही. दुखायच्या आधी खबरदारी म्हणून घेतली ती मोजायची नाही, कारण तेव्हा दुखत नव्हतं. जी मोजायची नाही तिच्यासाठी समासात एक टिंब देणार, म्हणजे चुकून मोजली जायला नको.

४ मार्च

अकरा वाजता उजव्या डोळ्यामागे सुरू. अर्धी घेतली. साडेअकराला उरलेली अर्धी एकटी पडून ओलसर झाली असती, म्हणून तीही घेतली. दोन टिंबं. आजचा आकडा शून्य. सुरुवात चांगली.

दुकानाबद्दल एकदाच लिहून ठेवतो. वडिलांनी सुरू केलं. मी कॉमर्सचा. कायद्याने दुकानात रजिस्टर्ड फार्मासिस्ट लागतो, म्हणून बाई आहेत. सोळा वर्षं आहेत. काउंटरच्या मागे भिंतीवर त्यांचं सर्टिफिकेट काचेच्या फ्रेममध्ये लावलेलं आहे. कागद त्यांचा, अनुभव माझा, असं आमचं चाललंय. गिऱ्हाइकं मात्र काही विचारायचं असलं की माझ्या खांद्यावरून बाईंकडे बघतात. सवय असते लोकांना.

७ मार्च, शनिवार

निवृत्त पोस्टमन आले. डोकेदुखीच्या आठ गोळ्या हव्या होत्या. मी त्यांना दहा मिनिटं फैलावर घेतलं. या गोळ्या म्हणजे खाऊ नव्हे. सवय लागते. डोकं त्यांचीच वाट बघायला लागतं. पोस्टमन ऐकत होते, मागची दोन माणसंही ऐकत होती. मी रंगात होतो. तेवढ्यात माझ्याच डोळ्यांपुढे काचेचे तुकडे नाचायला लागले.

दहाच्या स्ट्रिपमधून आठ कापून दिल्या. उरलेल्या दोन तुकडेवाल्या डब्यात जायच्या. हा डबा आमचा प्लास्टिकचा, काउंटरखाली, कापून उरलेल्या स्ट्रिपांचा. बाई दर शनिवारी त्यातल्या गोळ्या मोजून वहीत लिहितात. त्या दोन डब्यात जाण्याआधी मी मध्येच वळवल्या. डब्यात गेल्याच नाहीत तर त्या डब्यातल्या कशा? टिंब, टिंब.

आठवड्याचा आकडा: एक. एक चक्क शिल्लक.

१० मार्च

डॉक्टरांनी दुसरी एक गोळी दिली आहे. रोज घ्यायची, दुखो न दुखो. तिने झटके कमी होतात म्हणे. तीन दिवस घेतली. काही फरक नाही. बंद केली. बाईंना सहज बोललो तर त्या म्हणाल्या, तिला सहा ते आठ आठवडे द्यावे लागतात, मध्ये सोडू नका. दोन महिन्यांनी चालू होणारी गोळी कोणती कंपनी काढते ते बघावं म्हणून खोकं उलटंपालटं केलं. आपणच विकतो. स्टॉक भरपूर आहे.

१२ मार्च

नवीन यंत्र. कंपनीच्या माणसाने ट्रायलला दिलं. कपाळाला पट्टा बांधायचा, बटण दाबलं की कपाळात मुंग्या येतात आणि त्या मुंग्या दुखणं पळवून लावतात. औषध नाही, गोळी नाही. याचसाठी मी थांबलो होतो. डॉक्टर म्हणाले होते की असली यंत्रं काहींना उपयोगी पडतात. मी काहींपैकीच असणार.

पट्टा बांधून काउंटरवर बसलो. एका लहान मुलीने आईला विचारलं की काकांना चार्जिंगला लावलंय का. बाई पाठमोऱ्या उभ्या राहून कफ सिरपच्या बाटल्या लावत होत्या. बराच वेळ लावत होत्या.

दुपारी दुखलं. यंत्रामुळे असणार. यंत्रामुळे दुखलेल्याची गोळी यंत्राच्या खात्यात. टिंब.

१४ मार्च, शनिवार

बाईंनी डबा मोजला. डोकेदुखीच्या गोळ्या अकरा कमी. मी म्हटलं, परत मोजा. परत मोजल्या. अकराच कमी.

मी उंदराची शंका काढली. बाई म्हणाल्या, उंदीर गोळी खाऊन रिकामा फॉइल घडी घालून कचऱ्याच्या डब्यात टाकत नाही. सोळा वर्षांत बाई पहिल्यांदाच एवढं लांब वाक्य बोलल्या असतील. जरा विचित्रच वाटलं.

१६ मार्च. वेळ माहीत नाही, खोलीत अंधार आहे

अंधारी खोली, बर्फाची पिशवी, शून्य आवाज. शास्त्रशुद्ध उपचार. पडद्यांना वर्तमानपत्रं चिकटवली. मग वर्तमानपत्रांच्या शाईचा वास यायला लागला. बर्फ वितळून उशी ओली. वर कोणीतरी खुर्ची सरकवली, ती माझ्या कवटीतून सरकली.

ही स्वयंपाकघरात शाळेच्या वह्या तपासत बसली होती. पानं उलटण्याचा आवाज येत होता. सांगितल्यावर ती पानं न उलटता तपासायला लागली. थोड्या वेळाने दार किलकिलं करून विचारलं, आज किती घेतल्यास. मी सांगितलं, एक. खरंच एक. दोन अर्ध्या आणि उलटीतली एक सोडून.

दुखणं: दहापैकी नऊ. खिडकीबाहेर कोणीतरी शिट्टी वाजवत गेलं. त्या माणसाचं तोंड मला बघायचं आहे.

२१ मार्च, शनिवार

या आठवड्यात सतरा कमी. आता हा योगायोग नाही.

शांत डोक्याने विचार केला (खबरदारीची एक घेऊन). दुकानाच्या किल्ल्या दोघांकडे. मी आणि बाई. मी मालक आहे, माणूस स्वतःच्या दुकानात चोरी करत नाही. दोनातून एक गेला, राहिला एक.

मला वाईट वाटलं. सोळा वर्षं. माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजारपणात बाई रोज घरी येऊन इंजेक्शन देऊन जायच्या. पण हिशोब हिशोब आहे, त्याला मी काय करणार.

२३ मार्च

पाळत. मागच्या खोलीत डायपरच्या खोक्यांमागे स्टूल टाकून दोन ते चार बसलो. दोन खोक्यांच्या फटीतून काउंटर छान दिसतो. बेबी पावडरच्या वासाने डोकं ठणकायला लागलं. नजर तीक्ष्ण राहावी म्हणून बसायच्या आधीच डब्यातून दोन आणून ठेवल्या होत्या, त्या कामी आल्या.

दोन तासांत बाईंनी डब्याला हातसुद्धा लावला नाही. फार सावध बाई.

२६ मार्च

बाई आपणहून म्हणाल्या, काउंटरवर कॅमेरा बसवू या, म्हणजे प्रश्नच मिटेल. मी स्पष्ट नकार दिला. आपलं दुकान विश्वासावर चालतं. कॅमेरा लावला की विश्वास कुठे राहिला? शिवाय मालक दिवसभर काय करतो हे रेकॉर्ड होणं दुकानाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही.

बाईंनी हातातली वही मिटली. मग म्हणाल्या, तुम्ही डॉक्टरांना खरं सांगताय ना? विषय कुठून कुठे नेला बघा.

२८ मार्च, शनिवार

एकोणीस कमी.

आज सोक्षमोक्ष. दुकान बंद करताना बाईंना म्हटलं की पर्स दाखवाल का. सौम्य आवाजात म्हटलं. मला माझा आवाज आवडला होता तेव्हा.

बाईंनी पर्स काउंटरवर उलटी केली. जेवणाचा डबा. चष्म्याचं घर. छत्री. हातरुमाल. एक ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची स्ट्रिप, तिला रबराने आमच्याच दुकानाचं बिल गुंडाळलेलं. बिलावर त्यांचं स्वतःचं नाव. मला वाटत होतं मालकाच्या दुकानातून बीपीची गोळी न विचारता घेण्याइतका तरी त्यांचा हक्क होता. त्या बिल करून घेत होत्या.

नंतर बाई स्टुलावर चढल्या. भिंतीवरचं सर्टिफिकेट उतरवलं, काच रुमालाने पुसली. पर्समध्ये मावेना, म्हणून काखेत धरलं. म्हणाल्या, मी सोडलं हे औषध प्रशासनाच्या ऑफिसला आजच कळवते, उद्यापासून विक्री करू नका, तुमच्यावरच येईल. किल्ली काउंटरवर ठेवली. चपला घालून गेल्या.

अपराधी माणूस असाच निघून जातो, असं मी हिला सांगितलं. ही जेवली नाही.

३० मार्च

दुकान बंद. शटर अर्धं खाली, मी आत. भिंतीवर फ्रेमच्या जागी फिका चौकोन. लोक वाकून विचारतात, बाई कुठे आहेत. बाई आजारी आहेत का. बाई कधी येणार. पोस्टमन तर खाली बसून बोलले. मी आहे हे कोणाच्या लक्षातच येत नव्हतं.

दुखणं नऊ.

आज विक्री नाही, बाई नाहीत, त्यामुळे डब्यातली मोजणी जुळायलाच हवी. संध्याकाळी मी स्वतः मोजलं. सहा कमी. म्हणजे बाईंकडे दुसरी किल्ली आहे. एवढ्या थराला जातील असं वाटलं नव्हतं.

३१ मार्च

कुलूप बदललं. नवीन किल्ली फक्त माझ्याकडे, बनियनच्या खिशात. रात्री मोजलं. दोन कमी.

कुलूपवाल्याचा चेहरा मला तेव्हाच पटला नव्हता.

२ एप्रिल

लिहू की नको.

काल ही वही जागेवर नव्हती. हिने नेली होती. उघडून बघितली, पण तिसरीच्या मुलांची अक्षरं लागणाऱ्या हिला माझं अक्षर लागेना. मग ही कोणाकडे जाणार? ज्या माणसाने सोळा वर्षं डॉक्टरांची अक्षरं लावली त्याच्याकडे. वही घेऊन सरळ बाईंच्या घरी गेली. बाईंनी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्याने वाचून दाखवली. कुठे अडखळल्या नाहीत म्हणे. डायपरची खोकी आली तेव्हा थोडं थांबल्या, पाणी प्यायल्या, पुढे वाचलं. पर्सचा दिवस वाचताना आवाज बदलला नाही. ही म्हणाली, मलाच त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

मग दोघींनी टिंबं मोजली. मार्चमध्ये अडुसष्ट. त्यातली डब्यातली पंचावन्न. बाईंनी सांगितलेली तूट आणि मी स्वतः मोजलेली तूट मिळून पंचावन्न.

मी हिला म्हटलं की अडुसष्टमध्ये अर्ध्याही धरल्या आहेत, हे शास्त्राला धरून नाही. ही ओरडली नाही. म्हणाली, दोन अर्धे मिळून एक होतो, मी तिसरीला शिकवते. आणि दुकानाची किल्ली मागितली. बनियनच्या खिशातून काढून द्यावी लागली.

४ एप्रिल

बाईंना पत्र. पहिला मसुदा: गैरसमज झाला. कोणाचा ते लिहिलं नव्हतं. दुसरा: दुखण्याच्या भरात माणूस काहीही बोलतो. तिसरा: झालं गेलं विसरून पुन्हा कामावर यावं, पगारवाढीचा विचार करता येईल. हिने तिन्ही वाचले आणि विचारलं, यात तू कुठे आहेस?

चौथ्यात एकच ओळ. गोळ्या मी खाल्ल्या आणि पर्स तुमची उघडायला लावली. तेवढंच पाठवलं. ते लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

उत्तर नाही. हिच्याकडून कळलं की त्या एका हॉस्पिटलच्या फार्मसीत लागल्या. दुसऱ्याच दिवशी घेतलं त्यांना.

६ एप्रिल

डॉक्टरांना फोन केला. हिने केला, मी बोललो. आकडा सांगितला. त्यांनी तो परत विचारून घेतला. मग म्हणाले, सगळ्या पेनकिलर आजपासून बंद. आधी दुखणं वाढेल, आठदहा दिवस, कधी जास्तही. मग उतरेल. रोजची ती गोळी पुन्हा सुरू करा आणि या वेळी सोडू नका. झोप, जेवण ठरलेल्या वेळी. उलटीवर वेगळं औषध लिहून दिलं.

संकल्प वगैरे काही लिहीत नाही.

८ एप्रिल

दहापैकी दहा.

९ एप्रिल

दहा. हिने शाळेत रजा टाकली. उलटीची बादली धुऊन परत ठेवते. मी कपाट उघडलं, ड्रॉवर उघडले, जुन्या कोटाचे खिसे बघितले. हिने सगळं आधीच रिकामं केलं होतं. तिच्यावर ओरडलो. मग ओरडण्याने जे दुखलं ते दुखलं.

१२ एप्रिल

नऊ. खरंच दुखतं. हे एवढ्यासाठी लिहितो की इतके दिवस मी या वहीत बऱ्याच गोष्टी खोट्या लिहिल्या, पण दुखणं कधी खोटं नव्हतं. तेवढं एक खरं होतं आणि त्याच्याच आडून मी बाकी सगळं केलं.

१७ एप्रिल

सहा. दुकान उघडलं. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले एक फार्मासिस्ट मिळाले. पहिल्या दिवशी त्यांनी तुकडेवाला डबा कुलूपबंद कपाटात ठेवला. किल्ली हिच्याकडे दिली. माझ्यासमोर. मी डोकेदुखीच्या गोळ्यांच्या फळीपासून लांब, सॅनिटरी पॅड आणि टूथपेस्टच्या बाजूला बसतो.

पोस्टमन आले. त्यांना काही सांगावंसं वाटलं, पण सांगितलं नाही.

२२ एप्रिल. सकाळी सव्वासहा

जाग आली आणि डोकं दुखत नव्हतं. खिडकीतून उजेड येत होता. शेजारी कोणीतरी नळ सोडला होता, तो नुसता नळाचा आवाज होता. मी पडून राहिलो, कुठे दुखतंय का ते शोधत. ही झोपली होती. अशी सकाळ शेवटची कधी झाली होती ते आठवेना, आणि मला रडू आलं. ही उठली आणि घाबरली. मी सांगितलं, काही होत नाहीये. तिचा विश्वास बसायला वेळ लागला.

२९ एप्रिल

डॉक्टर. तक्ता दिला. या खेपेस खरा भरलेला. डॉक्टर म्हणाले, अर्धशिशी जाणार नाही, पण आवरता येईल. रोजची गोळी चालू. जोराचा झटका आला तर वेगळी गोळी, महिन्याला जास्तीत जास्त आठ. यानेही भागलं नाही तर महिन्याला एक इंजेक्शन असतं, ते पुढे बघू. आठ म्हणजे आठच, हे त्यांनी हिच्याकडे बघून सांगितलं.

औषधं खाली हॉस्पिटलच्याच फार्मसीत घ्यायची. टोकन घेतलं. पन्नासएक माणसं, तीन खिडक्या. आमचा नंबर तिसऱ्या खिडकीवर लागला आणि काचेमागे बाई होत्या.

मी चार आठवडे काय काय बोलायचं ते ठरवत होतो. सगळं गेलं. एवढंच म्हणालो, बाई, माझं चुकलं. बाईंनी प्रिस्क्रिप्शनवरून नजर वर केली. म्हणाल्या, हो. रागाने नाही. बरोबर उत्तराला टिक करावी तसं. मी म्हटलं, दुकानात परत याल का? म्हणाल्या, इथे प्रत्येक गोळी दोन माणसं मोजतात, मला बरं वाटतं. मला लाज वाटली, आणि ती लपवायला हातात काहीच नव्हतं.

त्यांनी आठ गोळ्या मोजल्या. शेजारच्या माणसाने पुन्हा मोजल्या. पाकिटावर बाईंनी मोठ्या अक्षरात लिहिलं, कशी घ्यायची, केव्हा घ्यायची नाही. मग प्रत्येकाला विचारतात तसं विचारलं, घरी आणखी कुठली पेनकिलर आहे का?

मी म्हणालो, एकही नाही. खरं बोललो. या दोन महिन्यांत बाईंना दिलेलं हे पहिलं सरळ उत्तर असेल.

बाईंनी माझ्याकडे थोडा वेळ बघितलं. मग तोच प्रश्न हिला विचारला.

ही विचारात पडली. मग म्हणाली, घरी जाऊन बघते आणि तुम्हाला फोन करते. बाई म्हणाल्या, चालेल, आणि पाकीट तिच्या हातात दिलं. मागच्या माणसाचं टोकन लागलं होतं. मी बाजूला झालो.